मेंढरू अर्धं झालं नि नळ आला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते अर्ध्या कुत्र्याचं. अर्ध्या म्हणजे डाव्या बाजूचं. उजवी राहिली, कारण मधेच नळ आला.

आमच्या मुकुंदवाडीत नळ कधी येईल ते देवाला विचारूनही उपयोग नाही. कधी आठ दिवसांनी, कधी दहा. आला की माणूस ताटावरून उठतो. होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते, ऊन चटका द्यायला लागलं होतं. सकाळचा चहा झाल्यावर बायको म्हणाली, "अवं, मेंढराची लोकर उतरून घेऊ. लई ऊन व्हायच्या आत."

मेंढरू म्हणजे कुत्रंच. पांढरं, बुटकं आणि एवढं केसाळ की तोंड कुठलं नि शेपूट कुठली ते चालायला लागल्यावर कळायचं. पुण्याच्या नातीनं हौसेनं घेतलं. फ्लॅटमध्ये दिवसभर त्याच्यापाशी कुणी नाही, म्हणून सहा महिन्यांत ते आमच्याकडं आलं. नातीनं त्याला इंग्रजी नाव ठेवलेलं, ते आमच्या जिभेवर बसंना. बायकोनं पहिल्याच दिवशी त्याच्या पाठीत बोटं खुपसली आणि म्हणाली, "ह्ये कुत्रं कुठलं? मेंढरू हाय." तेच नाव पडलं.

तिला कळायचं त्यातलं. तिचं माहेर कन्नडच्या अंगाला. शेती बेताची आणि मेंढरं वाडाभर. पोरवयातच ती बापाबरोबर लोकर कातरायला बसायची. लेकीनं जेव्हा सांगितलं, की आई, ह्याला महिन्याला पार्लरमध्ये न्यावं लागतं, तेव्हा ती एवढी हसली की ठसका लागला. "मी लग्नात पावडर लावली नाय," म्हणाली, "नि कुत्र्याला पार्लर!" आठ दिवसांनी माहेरी जाऊन बापाची जुनी लोखंडी कातर घेऊन आली. तेव्हापासून आठ वर्षं कुत्र्याची हजामत घरीच.

तिची रीत ठरलेली. ओट्यावर पोतं अंथरायचं, आपण पाटावर बसायचं आणि कुत्र्याला ढुंगणावर बसवून त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवायची. असं बसवलं की जनावर हात-पाय सोडून देतं, मेंढरू असो की कुत्रं. मग म्हणायची, "आधी फणी, मग कातर, मग पाणी. पाणी आधी लावलं की मेलं." हे तिनं शंभरदा सांगितलं असेल. मी शंभरदा ऐकलं नाही. कारण माझं काम वेगळं होतं. मी समोर बसून कुत्र्याचे पुढचे पाय धरायचे आणि बोलायचं.

"बोला की," ती म्हणायची. "गप बसलात की हलतंय ते."

आता सकाळी सकाळी माणूस बोलणार काय? मी तिच्या माहेराला नावं ठेवायचो. तो माझा चाळीस वर्षांचा सराव होता, विचार करावा लागत नव्हता. त्या दिवशीही सुरू केलं. "तुमच्या लोकांनी लग्नात मला बोकडाशेजारी बसवलं. आणि मान बोकडाला दिला."

"दिसायला त्योच बरा होता," ती म्हणाली. कातर थांबली नाही.

"तुझ्या बापानं आहेर काय दिला? घोंगडं. तेबी टोचणारं. चाळीस वर्षं अंग खाजवतोय मी."

"व्हय. म्हणून दर थंडीत पहिलं तुम्हीच ओढता."

"तुमच्या गावात शहाणी तेवढी मेंढरं. माणसं अशीच राहिली."

"आणि तुम्ही एवढे मोठे गवंडी. दुनियेच्या मोऱ्या बांधल्या. आपल्या मोरीचं पाणी मात्र घरात येतंय."

आमच्या मोरीचा ढाळ उलटा आहे. मीच बांधली. कुत्र्याला आंघोळ घातली की अर्धं पाणी नळीतून जातं आणि अर्धं स्वयंपाकघरात चक्कर मारून येतं. तीस वर्षं ती मला हे ऐकवत होती, आणि दर वेळी मी नवं काही उत्तर सापडतं का बघत होतो.

कुत्रं तोवर डोळे मिटून बसलेलं. डावी बाजू उतरली. खालचं गुलाबी अंग दिसायला लागलं. तिनं त्याला उचलून फिरवलं, उजव्या बाजूला फणी लावली, तेवढ्यात शेजारणीनं गल्लीत आरोळी ठोकली, "पाणी आलं गंऽऽ!"

कातर पोत्यावर, फणी कातरीवर, आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी पळालो. दोन ड्रम, टाकी, हंडे, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा भरली. दुपार झाली. ती ओट्यावर पाय पसरून बसली. अर्धं कुत्रं तिच्या शेजारी. "दुसरी बाजू उद्या," म्हणाली.

उद्या सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. तिनं भरून ठेवलेल्या पाण्यानंच तिला आंघोळ घातली. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. घरात करण्यासारखं काही नव्हतं. कुत्रं माझ्या पायाशी घुटमळत होतं, एका बाजूनं मेंढीचं नुकतं जन्मलेलं कोकरू आणि दुसऱ्या बाजूनं जटाधारी गोसावी. मी कोनाड्यातली कातर काढली.

"खाली ठेव ती." माझी थोरली बहीण, आक्का, भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे, नजर अजून पक्की. "सुतकात घरातल्या केसाला लोखंड लागत नसतं."

"आक्का, कुत्रं हाय ते."

"कुणाचं?"

"आमचं."

"आपल्यातलंच जेवतं?"

"व्हय."

"मग सुतक त्यालाबी."

कातर परत कोनाड्यात गेली, आणि दहा दिवस आमच्या घरात दोन जीव दाढी-केस वाढवून बसले. एक पूर्ण आणि एक अर्धा.

भेटायला येणारी माणसं तोंड पाडून यायची. सतरंजीवर बसायची. मग कुत्रं आतून यायचं. समोरून डावीकडं जाताना एक कुत्रं, परत येताना दुसरंच. एक शेजारीण तोंडात पदर धरून गदागदा हलत होती. मला वाटलं रडते. पाणी दिलं तर कळलं, हसू आवरत नव्हतं तिला. बिचारी लई शरमली. म्हटलं, "हस बाई. तीबी हसली असती." मग सगळ्यांनी विचारलं, असं अर्धंच का? म्हटलं, मधे नळ आला. एकानंही पुढं काही विचारलं नाही. सगळ्यांना पटलं. "आमच्याकडं तर बारावा दिवस आहे आज," एकानं सुरू केलं, आणि पुढचा तासभर पाण्यावरच बोलणं चाललं. मला बरं वाटलं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

दहाव्याला गोदाकाठी कायगावला गेलो. घरी कुत्र्याला बघायला कोण, म्हणून जीपमध्ये तेही. घाटावर न्हाव्यानं माझं डोकं उतरवलं. आक्का म्हणाली, "बाबा, ह्याचीबी एक बाजू राहिलीय. आजच मोकळं कर त्याला." न्हाव्यानं वस्तरा पुसत पुसत कुत्र्याकडं बघितलं. "आजी," म्हणाला, "मी एका मयताचं एकच डोकं करतो."

तेरावं झालं. पाहुणे गेले. आक्काला तिचा मुलगा घेऊन गेला. लेक राहिली होती, तिनंही बॅग भरली. एकुलती एक आहे. आईसारखीच सरळ बोलते.

"बाबा, तुम्ही पुण्याला चला."

"नाय."

"मग ह्याला तरी मी नेते." तिनं कुत्र्याचे उजवीकडचे केस बाजूला करून दाखवले. आत गाठीच गाठी, आणि गाठींखाली कातडी लालभडक. "हे बघा. डॉक्टरांना फोटो पाठवला मी. ते म्हणाले, असंच राहिलं तर चिघळेल, किडे पडतील. रोज फणी लागते ह्याला. आई करायची. तुम्हाला तुमचा चहा धड करता येत नाही."

लेक खोटं बोलत नव्हती. मला राग आला तो त्याचाच. घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं आता तेवढंच उरलं होतं. तेही गेलं असतं तर मी कुणाच्या अंगावरून ओलांडून मोरीत गेलो असतो?

"एक रविवार दे," म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "पुढच्या रविवारी येते. नीट झालेलं दिसलं तर राहील इथं. नाही तर गाडीत घालून नेणार. तेव्हा भांडायचं नाही."

"बरं."

सोमवारी नळ आला. म्हटलं, चांगला मुहूर्त आहे. कुत्र्याला मोरीत घेतलं, साबण लावून खसाखसा चोळलं. पाणी नेहमीप्रमाणं स्वयंपाकघरात फिरून आलं. उन्हात वाळवलं. आणि संध्याकाळी पाठीवर हात फिरवला तर हाताला घोंगडं लागलं. सुट्या सुट्या गाठी होत्या, त्या भिजून, आवळून, एकमेकीत शिरून सगळा एक थर झाला होता. तेव्हा आठवलं. पाणी आधी लावलं की मेलं. शंभरदा सांगितलेलं, आणि आता एकदा परत सांगायला ती नव्हती.

तरी मी हरलो नव्हतो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. कुत्र्याची एक बाजू म्हणजे केवढी? एका झरोक्याएवढी. मंगळवारी मी लाईनदोरी काढली. आता हसू येतं, पण तेव्हा मला ते लई शहाणपणाचं वाटलं. तिनं डावीकडं जेमतेम बोटाच्या जाडीएवढे केस ठेवले होते. उजवीकडं तेवढीच उंची धरायची, मानेपासून शेपटीपर्यंत दोरी ताणायची आणि दोरीच्या वर येईल ते कापायचं. भिंत अशीच उचलतात. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं दातात धरलं. एका पायानं कुत्र्याला दाबलं. कातर चालवली.

भिंत हलत नाही. कुत्रं हलतं. पहिल्याच कातरीला पाठीवर आठाण्याएवढा खड्डा पडला. त्याच्या बरोबरीला आणावं म्हणून शेजारी कापलं, तर तो त्याहून खोल गेला. भिंतीत खड्डा पडला तर गिलावा मारून बुजवता येतो. कुत्र्याला काय मारू? तोवर त्यानं माझ्या अंगठ्याला दात लावले आणि ते दिवाणाखाली गेलं. दोरी घेऊनच गेलं. संध्याकाळपर्यंत भाकरी दाखवली तरी आलं नाही.

बुधवार असाच गेला. गुरुवारी मी मान खाली घातली आणि रिक्षा केली. गारखेड्यात कुत्र्यांचं पार्लर आहे असं लेकीनं फोनवर सांगून ठेवलं होतं. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर रिबिनी बांधलेल्या कुत्र्यांचे फोटो. अॅप्रन घातलेली एक बाई होती, चांगली वाटली. माझं उतरवलेलं डोकं बघितलं, मग कुत्र्याचं अर्धं अंग बघितलं. मला बाहेर बाकड्यावर बसवलं.

काचेतून दिसत होतं. टेबलावर ठेवल्या ठेवल्या कुत्र्यानं मुतलं. मशीन गुरगुरलं तसं तेही गुरगुरलं. बाईनं लाडानं बोलून बघितलं, बिस्किट दिलं, जाळी लावली तोंडाला. ते चारी पाय फाकवून टेबलाला चिकटलं आणि थरथरायला लागलं. अर्ध्या तासानं ती घाम पुसत बाहेर आली.

"काका, घरी ह्याचं कोण करायचं?"

"बायको."

"मग एकदा त्यांनाच घेऊन या ना. त्या कसं धरतात ते बघते मी."

"ती मेली."

मला असंच बोलता येतं. बाईचं तोंड उतरलं. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. नंतर हळू आवाजात म्हणाली, "एवढ्या जटेत मशीन चालत नाही काका. डॉक्टरांकडं नेऊन, इंजेक्शननं झोपवून, सगळंच काढावं लागेल. वय झालंय ह्याचं, म्हणून मला जरा भीती वाटते. पण बऱ्याचदा काही होत नाही."

झोपवून म्हटल्यावर मी कुत्रं उचललं. झोपलेलं उठत नाही हे मी नुकतंच बघितलं होतं.

रिक्षात ते माझ्या मांडीवर बसलं. थरथर थांबली नव्हती. गुरुवार संपत आलेला, आणि रविवारला मधे दोनच दिवस. घरी येऊन मी फोन हातात घेतला आणि जे चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मेव्हण्याला फोन लावला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, अजून मेंढरं राखतो. लग्नापासून आमचं बोलणं म्हणजे 'बरंय ना' आणि 'बरंय'. त्याच्यापुढं अडचण सांगायची म्हणजे मला कमीपणा वाटायचा.

"पाव्हणं," म्हटलं, "ताईचं मेंढरू कातरायचं राहिलंय."

त्यानं फोन कानाला धरूनच आधी मेंढरं हाकलली. मग म्हणाला, "उद्या बाजार हाय. परवा पहिल्या गाडीनं येतो, दाजी."

शनिवारी आला. धोतर, टोपी, पिशवीत कातरीला धार लावायचा दगड. चहा न घेता ओट्यावर बसला, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला, तो तिथंच राहिला.

"दाजी, पाणी आधी लावलं?"

"लावलं."

"घोंगडंच विणलं की तुम्ही. आमच्याकडं ह्याला चार दिवस लागतात." हसला नाही. कातर दगडावर घासत म्हणाला, "आणि ह्ये खड्डे कशाचे?"

"लाईनदोरीचे."

आता मात्र त्याची टोपी हलली.

त्यानं कुत्र्याला ढुंगणावर बसवून पाठ पोटाला घेतली. अगदी तशीच, जशी ती घ्यायची. वाटलं, झालं आता काम. पण कुत्रं बसंना. मान इकडं, पाय तिकडं, दात बाहेर. मेव्हण्यानं तीनदा बसवलं, तीनदा ते निसटलं. हजारो मेंढरं कातरलेला माणूस, त्यालाही घाम फुटला.

"आक्रीत हाय ह्ये," म्हणाला. "ताई कशी बसवायची?"

"अशीच."

"आणि तुम्ही काय करायचा?"

"मी काय? नुसतं पाय धरायचो. बोलत बसायचो."

"मग बोला की."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तेराव्यानंतर कुत्र्याला धरताना मी तोंडच उघडलं नव्हतं. सोमवारी मोरीत नाही, मंगळवारी तर दातात दोरी होती. पार्लरात तर मी काचेबाहेर. कुत्र्याला मी फणीसाठी, पाण्यासाठी, कातरीसाठी धरलं, पण एक शब्द बोललो नव्हतो.

"बोला," मेव्हणा म्हणाला. "काय बोलायचा?"

"तुमच्यापुढं सांगण्यासारखं नाय."

"म्हंजे?"

"तुमच्या घराला नावं ठेवायचो."

दोघांच्या मधे कुत्रं वळवळतंय. मला वाटलं आता उठतो आणि जातो कन्नडला.

"मग ठेवा," तो म्हणाला.

"अवं, तुम्ही समोर बसलाय."

"मी कुत्र्याच्या पाठीमागं हाय. ठेवा."

मी घसा साफ केला. म्हटलं, "तुमच्या घरी भाजीत मीठ कमी असतंय."

"ह्ये तर आमची आईबी म्हणायची," मेव्हणा म्हणाला. "कुत्रं हलतंय अजून. नीट नावं ठेवा."

"तुमच्या लोकांनी लग्नात मला बोकडाशेजारी बसवलं."

कुत्र्यानं कान टवकारले.

"आणि मान बोकडाला दिला."

"जागा मीच दाखवली होती," मेव्हणा म्हणाला. "मला वाटलं, जोडी बरी दिसंल."

चाळीस वर्षं मला माहीत नव्हतं कुणी बसवलं ते! आता मला खरोखरचा राग आला आणि तोंड मोकळं झालं. त्याच्या बापाचं घोंगडं काढलं. त्याच्या काकाचा नवा जोडा शेळीनं खाल्ला होता तो काढला. वरातीत त्यांच्याकडचा वाजंत्री झोपला होता तो काढला. मेव्हणा काही कमी नव्हता. त्यानं माझी मोरी काढली. "ताई सांगायची," म्हणाला, "गवंड्याच्या घरात पाण्याला वाट विचारावी लागते." शेजारीण भिंतीवरून डोकावली. तिला वाटलं वाटणीवरून जुंपली.

आणि कुत्रं? कुत्र्यानं अंग सोडलं होतं. हनुवटी माझ्या मनगटावर ठेवली, एक मोठा श्वास टाकला आणि डोळे मिटले. इतके दिवस मला वाटत होतं, काम ती करायची आणि मी आपला तिथं रिकामा बसायचो.

मेव्हण्यानं कातर माझ्यापुढं केली. "धरा. मी काय दर महिन्याला यायचो नाय."

"मला येत नाय."

"खड्डे पाडता येतात की. धरा."

मग त्यानं शिकवलं. तो कुत्रं धरून, मी कातर धरून. जटेला आधी खोबरेल तेल चोपडायचं आणि थोडं मुरू द्यायचं. जट आडवी तोडायची नाही. उभी चिरायची, कातडीकडून बाहेर, मग बोटानं सोडवायची, कोंबडीची पिसं काढतो तशी थोडी थोडी. कातरीच्या खाली नेहमी फणी, म्हणजे लोखंड कातडीला लागत नाही. "भिंत नाय ती, दाजी," सारखा म्हणायचा. "श्वास घेतंय ते. त्यानं घेतला की थांबा, सोडला की कापा."

सकाळी नऊला बसलो ते दुपारी दोनला उठलो. मधे बोलणं तुटलं की कुत्रं डोळे उघडायचं, आणि आम्ही दोघं घाईघाईनं एकमेकांच्या सात पिढ्या शोधायचो. शेवटची गाठ सुटली तेव्हा पोत्यावर घोंगडंच्या घोंगडं पडलं होतं. मेव्हण्यानं ते उचलून बघितलं. "वीण बरीय," म्हणाला.

जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेला. फाटकापाशी म्हणाला, "ताईचा आवाज आल्यासारखं झालं मला. तुम्ही बोलत होता तेव्हा." आणि मागं न बघता गेला.

रविवारी लेक आली. फाटकातच थांबली. कुत्रं धावत बाहेर आलं. उजवी बाजू पायऱ्या पायऱ्यांची झालेली, दौलताबादच्या किल्ल्यावर चढतो तशी. माझे दोन खड्डे तर होतेच. शेपटीला गोंडा राहिलेला, तो कापायला दोघांनाही धीर झाला नव्हता. लेक खाली बसली. केसांत नुसती बोटं घालून बघत राहिली. बगलेत, कानामागं, पोटाखाली. मी तोवर ओट्याचा एक फुटका कोपरा नखानं खरवडत उभा होतो.

"एकही गाठ नाही," ती म्हणाली.

"नाय."

"लालीपण थोडी उतरलीय."

"कडुनिंबाचा पाला उकळून पुसून घेतलं."

मग तिनं मान वर करून अख्खं कुत्रं बघितलं आणि जी हसायला लागली, ती हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता परत हसली. "आईनं बघितलं असतं हे..."

"तर म्हणाली असती, मोरीच्या मानानं बरं झालंय."

दुपारी निघताना म्हणाली, "दर महिन्याला मला व्हिडिओ कॉलवर दाखवायचं. सगळ्या बाजूंनी." म्हटलं, दाखवीन. कुत्रं मात्र बेइमान. गाडीचं दार उघडं दिसल्याबरोबर आत जाऊन पुढच्या सीटवर बसलं, पुण्याला निघाल्यासारखं. लेकीनंच त्याला उचललं आणि माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला. कडू झाला, पण केला. पाट ओट्यावर ठेवला, पोतं अंथरलं, तिची लाकडी फणी घेतली. कुत्रं आपणहून आलं आणि माझ्या पोटाला पाठ लावून बसलं. समोर पाय धरायला कुणी नव्हतं. पाय आपले हवेत राहिले.

मी सुरू केलं. बोकड झाला. शेळीनं खाल्लेला जोडा झाला. वाजंत्री झाला. आता समोरून उत्तर येत नव्हतं, त्यामुळं नावं लवकर संपत होती. घोंगड्यापाशी आलो. ते आतल्या खाटेवर घडी घालून ठेवलंय, दारातून दिसत होतं. "तुझ्या बापाचं घोंगडं," म्हटलं, आणि पुढं भलतंच तोंडातून गेलं. "चांगलं होतं गं. लई ऊब होती त्याला. मी कधी बोललो नाय."

पुढं काही बोलता येईना. फणी थांबली.

कुत्र्यानं डोळे उघडले. वर माझ्याकडं बघितलं, अंग झाडलं आणि उठून फाटकाकडं चालायला लागलं.

"अरं, थांब. एक कान राहिला."

थांबलं नाही.

मी उपरण्यानं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि म्हटलं, "पण टोचायचं. मेंढरावाल्यांची अक्कल ती केवढी असणार?"

ते वळलं. डुलत डुलत परत आलं आणि माझ्या पोटाला पाठ लावून बसलं. राहिलेला कान करून घेतला.